वाचकांचे प्रश्न : सोलापूरचं ऊन आणि गाडीचे टायर

मागच्या अंकात टायरबद्दल काय शंका असतील तर पाठवा म्हणालो होतो, तर भरपूर पत्रं आणि मेसेज आलेत. त्यातले निम्म्याहून जास्त हवेबद्दलच आहेत, आणि मला त्याचं लै बरं वाटलं, कारण अलाइनमेंटच्या दुकानात बावीस वर्षं उभं राहून मी एकच गोष्ट परत परत बघतोय, चांगला महागाचा टायर निव्वळ हवेपायी वाया जातो. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : काका, माझी छोटी गाडी आहे, ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. पंपावरचा मुलगा म्हणतो उन्हाळ्यात २८ च ठेवा, ऊन लई आहे, टायर फुटंल. आमचे मिस्टर पण तेच म्हणतात. पुढच्या आठवड्यात मुलांना घेऊन पुण्याला जायचंय, नेमकी किती ठेवू? (एक वाचक ताई, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, ३३ च ठेवा (हे पीएसआय, म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप, आपण त्यालाच पॉइंट म्हणतो), एक पॉइंटसुद्धा कमी करू नका, आणि मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची हा समज आपल्याकडं इतका पक्का बसलाय की चांगले शिकलेले लोक पण तसंच करतात. वाटायला बरोबर वाटतं, ऊन लागलं की हवा फुगणार, फुगली की टायर फुटणार, म्हणून आधीच कमी ठेवा. पण उन्हाळ्यात हायवेवर जे टायर फुटतात त्यातले बरेचसे कमी हवेमुळंच फुटतात. बांधकामावर सळई बांधायची तार असते ना, ती हातानं तोडायची तर आपण तिला एकाच जागी इकडं तिकडं वाकवत बसतो, आणि चार-पाच वेळा वाकवली की ती जागा चटका बसंल इतकी गरम होते आणि मग तुटते. टायरचं अगदी तसंच आहे. हवा कमी असली की टायरची बाजू, म्हणजे सायडवॉल, जमिनीला टेकताना जास्त दबते आणि वर आल्यावर परत सरळ होते. १५ इंची डिस्कवरच्या (टायर जिच्यावर बसतो ती धातूची रिंग) साधारण टायरचा घेर दोन मीटरला थोडा कमी असतो, म्हणजे ताशी १०० नं गाडी पळवली तर टायर एका सेकंदाला चौदा वेळा फिरतो आणि चौदा वेळा ती बाजू वाकते. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर धरलं तर सव्वा लाखाच्या वर फेरे झाले. आता प्रत्येक फेऱ्याला ती बाजू गरजेपेक्षा जास्त वाकत असंल, खालून मे महिन्यातला तापलेला रस्ता आणि गाडीत पाच माणसं आणि सामान, तर आतली उष्णता जाणार कुठं, रबर आणि आतले दोरे एकमेकांपासून सुटायला लागतात आणि मग एकदम फाटतं.

राहिलं ऊन लागून हवा वाढायचं. वाढते, खरंय. तापमान साधारण साडेपाच-सहा डिग्री वाढलं की एक पीएसआय वाढतो. सकाळी सहाला २७ डिग्री असताना ३३ भरली आणि दुपारी नुसती उभी असताना ४३ डिग्रीला बघितली तर अडीच-तीननं जास्त दिसणार, आणि हायवेवर पळवून आणलेली असंल तर त्यात अजून चार-पाच. म्हणजे ३९-४० दिसली तरी घाबरायचं काम नाही, कारण स्टिकरवरचा ३३ हा गार टायरचा आकडा आहे आणि तो ठरवणाऱ्यांनी ही वाढ होणार हे धरूनच ठरवलेला आहे. टायरच्या बाजूवर मॅक्स म्हणून ४४ किंवा ५१ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ती त्या टायरची मर्यादा झाली, आपण भरायचा आकडा तो नाही. भरायचा आकडा फक्त दरवाज्याच्या खांबावर, काही गाड्यांना पेट्रोलच्या झाकणाच्या आत, आणि पुस्तकात.

आता सगळ्यात जास्त नुकसान कुठं होतं ते सांगतो, हे मी माझ्या आतेभावाच्या गाडीवर डोळ्यांनी बघितलंय. सात-आठ वर्षांपूर्वी मे महिन्यात तो घरच्यांना घेऊन पुण्याहून भर दुपारी इकडं यायला निघाला, वाटेत एका पंपावर थांबला, तिथं हवा बघितली तर ३८. गाडी तीन तास पळालेली, टायर भट्टीसारखे, पण तिथल्या माणसानं ३८ म्हणजे लै झाली म्हणून चारही टायरची हवा सोडून ३२ केली. त्या वेळी काहीच झालं नाही, गाडी नीट घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर गार झाले तेव्हा त्यात २६-२७ राहिली असणार, बघितली कोणी नाही. दोन दिवसांनी त्याच हवेवर, परत दुपारीच, सामान भरून पुण्याला निघाले आणि इंदापूरच्या अलीकडं मागचा डावा टायर फुटला. गाडी डिव्हायडरला घासली, देवाच्या कृपेनं कोणाला लागलं नाही. तो टायर माझ्याकडं आणला, बाकीचे तीन पण उतरवून बघितले. न फुटलेल्या एका टायरच्या आत हात घातला तर मुठीत मावणार नाही एवढी काळी पूड निघाली, आणि आतल्या बाजूनं गोल पट्टाच्या पट्टा घासून खरबरीत झालेला. ती पूड म्हणजे टायरचं आतलं रबर, वाकून वाकून त्याचा भुगा झालेला. बाहेरून तो टायर बघितला असता तर तुम्ही म्हणाला असता नवा आहे. तेव्हापासून माझ्याकडं टायर उतरवला की मी गिऱ्हाईकाला आत हात घालून बघायलाच लावतो.

म्हणून गरम टायरची हवा कधीच सोडायची नाही, कितीही दिसू दे. हवा बघायची ती सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, निदान तीन तास तरी उभी पाहिजे. ऊन कोवळं असलं तरी एक बाजू उन्हात आणि एक सावलीत असंल तर उन्हातले टायर एक-दोन पॉइंट जास्त दाखवतात, म्हणून ऊन यायच्या आधीच बरं. त्याच्यासाठी हवा मोजायचं स्वतःचं गेज घ्या, पाच-सातशे रुपयांत डिजिटल मिळतं, पंपावरच्या मशीनचा भरवसा प्रत्येक ठिकाणी वेगळा. घरी बघायचं, समजा २९ निघाली तर चार कमी आहे हे लक्षात ठेवायचं, जवळच्या पंपावर जाऊन तिथलं मशीन जे काय दाखवंल त्याच्यावर चार टाकून घ्यायची, म्हणजे वाटेत टायर थोडा तापला तरी हिशोब चुकत नाही. पंपावर हवा फुकट मिळाली पाहिजे, तो नियमच आहे, त्यामुळं संकोच करायचा नाही.

आणि ताई, तुम्ही मुलांना घेऊन सामानासकट जाणार, तर स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा असंल, बहुतेक मागच्या चाकांचा जास्त असतो, तर तो भरा. पुण्याला पोचल्यावर लगेच बघू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा.

प्रश्न : नवीन गाडी घेतली आहे. डिसेंबरात सकाळी स्टार्ट केली की डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखं चिन्ह आणि मधे उद्गारचिन्ह लागायचं, ऑफिसपर्यंत गेलं की विझायचं. शोरूमला सांगितलं तर सेन्सर बघू म्हणाले. वॉरंटी संपायच्या आत बदलून घेऊ का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : दादा, सेन्सर बरोबर काम करतोय, हवा कमी आहे. त्याला टीपीएमएस म्हणतात, टायरमधली हवा कमी झाली की सांगणारी सिस्टीम. तुम्ही गाडी उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात घेतली असंल, तेव्हाची भरलेली हवा, त्यात दर महिन्याला एखादा पॉइंट आपोआपच कमी होतो, आणि वर थंडीत आपल्याकडं पहाटे १४-१५ डिग्री झालं की अजून दोन-अडीच जातात. म्हणून पहाटे दिवा लागायच्या रेघेखाली हवा जाते, चार किलोमीटर पळवली की टायर तापतो, हवा रेघेच्या वर येते, दिवा विझतो. विझला म्हणजे ठीक झालं असं नाही. सकाळी गार टायरला बघून पूर्ण भरा, सेन्सरला हात पण लावावा लागणार नाही. दिवा आधी मिनिटभर लुकलुकला आणि मग तसाच लागून राहिला तर मात्र सेन्सरच्या भानगडीचा संशय घ्यायचा.

ह्या सिस्टीमचे दोन प्रकार आहेत आणि आपल्या गाडीत कुठला आहे ते माहीत पाहिजे. एकात प्रत्येक चाकाच्या आत, वॉल्व्हच्या मुळाशी, छोटा सेन्सर असतो, तो खरी हवा मोजून रेडिओनं गाडीला कळवतो, त्यामुळं स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे दिसतात. ह्याची आतली बॅटरी पाच ते दहा वर्षं चालते आणि संपली की बहुतेकांत सेन्सरच बदलावा लागतो. दुसऱ्या प्रकारात टायरमधे काहीच नसतं. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित लहान होतो, मग ते बाकीच्यांपेक्षा जरा जास्त फेरे मारतं, आणि एबीएसचे (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) सेन्सर चाकाचा वेग मोजतच असतात, त्यावरून गाडी ओळखते. हा प्रकार स्वस्त, पण चारही टायरची हवा सारखीच हळूहळू उतरली तर त्याला सहज कळत नाही, आणि हवा भरल्यावर किंवा टायर इकडचे तिकडं केल्यावर रिसेट करावा लागतो. रिसेट करायच्या आधी हवा बरोबर भरलेली पाहिजे, नाहीतर तो कमी हवेलाच बरोबर समजून बसतो, आणि हे मी बऱ्याच गाड्यांत बघितलंय.

अमेरिकेत २००० च्या सुमाराला मोठ्या गाड्यांचे टायर फुटून लै अपघात झाले, त्यानंतर तिथं कायदा झाला आणि २००७ च्या सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या कारला ही सिस्टीम सक्तीची झाली, युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून. पण त्या अमेरिकन नियमात दिवा लागायची हद्द २५ टक्के कमी अशी आहे. म्हणजे ३३ च्या टायरला २५ होईपर्यंत दिवा गप्प राहिला तरी तो नियमातच आहे. वर सांगितलं तसं २६-२७ वर काय होतं ते मी बघितलंय, त्यामुळं दिवा नाही लागला म्हणजे हवा बरोबर असं कृपा करून धरू नका, महिन्यातून दोनदा गेज लावायचंच.

अजून एक, पंक्चर काढायला दिलं की आधीच सांगायचं, भाऊ ह्याच्या आत सेन्सर आहे. नाही सांगितलं तर टायर डिस्कवरून उचकटताना लोखंडी पट्टी नेमकी त्याच्यावर बसते आणि हजारोंचा खर्च होतो. जुन्या गाडीवाल्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी, वॉल्व्हच्या टोपीसारखे बाहेरून लावायचे सेन्सर मिळतात, ते चालतात, मी स्वतः वापरलेत, फक्त दोन-तीन महिन्यांनी काढून परत बसवत जा, नाहीतर पावसाळ्यात गंजून वॉल्व्हलाच धरून बसतात.

प्रश्न : गाडी २०१७ ची, घरात उभी असते, फक्त तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर एवढीच जाते, २८ हजार किलोमीटर झालेत. टायरची नक्षी भरपूर आहे. तरी मुलगा म्हणतो बदला. पैसे वाया घालवायचे का? (निवृत्त शिक्षक, बार्शी)

उत्तर : सर, मुलाचं ऐका. टायर चालून झिजतो तसा नुसता उभा राहून पण म्हातारा होतो. रबर ऊन, गरमी आणि हवेतल्या ओझोननं कडक होतं, आणि कडक झालेलं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. दुपारी अंगणात गाडी असंल तर एका बाजूचे टायर जास्त तडकलेले दिसतील, तीच बाजू रोज उन्हात असते.

टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरं शोधा, त्याच्या पुढं बरंच काय काय असतं, ते सोडा, शेवटचे चार आकडे बघा. २३१७ असंल तर २०१७ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनमधे बनलेला. बाहेरच्या बाजूला ते चार आकडे नसले तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूला बघावं लागतं. मग सायडवॉलला अंगठ्यानं दाबून बघा, केसासारख्या भेगा उघडतात का, आणि नक्षीच्या खाचांच्या तळाला टॉर्च मारून बघा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून बघून घ्यायचं, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असू दे, काढायचाच. आपल्या उन्हात मी दहापर्यंत थांबत नाही, सात झाली आणि भेगा दिसल्या की गिऱ्हाईकाला सांगून टाकतो. नवे घेताना पण दुकानात हेच चार आकडे वाचून घ्या, वर्षाच्या आतले मागा.

आता नक्षीचं पण सांगतो, कारण हे पण तिघांनी विचारलंय. नव्या टायरची खाच सात-आठ मिलीमीटर खोल असते. खाचेच्या आत मधेमधे छोटा उंचवटा असतो, टायरच्या खांद्यावर टीडब्ल्यूआय किंवा बारका त्रिकोण असतो त्याच्या सरळ रेषेत बघा, तो उंचवटा १.६ मिलीमीटरचा. नक्षी घासून त्याच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानं पण संपला, मोटार वाहन नियम ९४ मधे कारसाठी तीच हद्द आहे. टायरचा गोटा होईपर्यंत वापरणारे लोक उन्हाळ्यात निभावून नेतात, पण पहिल्या पावसात रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल आला की ब्रेक दाबल्यावर गाडी जाते तिथंच जाते.

प्रश्न : ऊसाच्या सीझनमधे आमच्या रस्त्यावर महिन्याला एक तरी पंक्चर होतंय. दोरी घालून काढलेलं चालतं का मश्रूम पॅचच करायचा? (मोहोळ तालुका)

उत्तर : गावातल्या गावात दोरीची पट्टी चालते, पण हायवेला रोज जाणार असाल तर टायर उतरवून आतून मश्रूम पॅच, म्हणजे छत्रीसारखा रबरी तुकडा, मारून घ्या. पट्टी बाहेरून कोंबलेली असते, आत काय झालंय ते कोणी बघितलेलंच नसतं. पंक्चर नक्षीच्या भागात असंल तरच काढायचं, सायडवॉलला कापलं असंल किंवा फुगा आला असंल तर त्याला उपाय नाही, कोणी करून देतो म्हणाला तरी करू नका. आणि हवा गेलेल्या टायरवर, पंक्चरवाला पुढंच आहे म्हणून, गाडी नेऊ नका. एक किलोमीटरमधे चांगला टायर आतून खलास होतो, ती काळी पूड. डिकीत १२ व्होल्टचा छोटा पंप ठेवा, हळू गळणारं पंक्चर असंल तर थोडी भरून, हळू चालवत दुकानापर्यंत जाता येतं.

प्रश्न : नायट्रोजन भरू का साधी? (पंढरपूर, आणि अजून सहाजण)

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. विकतचा नायट्रोजन कोरडा असतो, थोडा हळू उतरतो, इतकंच. उन्हात तो फुगत नाही हे खरं नाही, जवळपास तेवढाच फुगतो. नायट्रोजनच्या टायरमधे साधी हवा टाकली तर काही बिघडत नाही, उलट साधी नको म्हणून आठवडाभर कमी हवेवर फिरणारे मी बघितलेत आणि ते धोक्याचं आहे.

प्रश्न : सध्या दोनच टायरचे पैसे आहेत. पुढची चाकं ओढणारी गाडी आहे, तर नवे पुढं टाकायचे ना? आमचा मेकॅनिक पुढंच म्हणतो. (होटगी रोड)

उत्तर : मागं टाका. मला माहितीय हे ऐकायला उलटं वाटतं, माझ्या दुकानात ह्याच्यावरून रोज वाद होतो. पाणी साचलेल्या रस्त्यावर पुढची चाकं सटकली तर गाडी सरळ जायला बघते, ते स्टिअरिंगला कळतं, पाय काढला की सावरते. मागची सटकली तर गाडी गोल फिरते, आणि ती सावरणं साध्या माणसाच्या हातातलं नाही, क्षणात होऊन जातं. म्हणून चांगली पकड मागं पाहिजे. पुढचे निम्मे झिजलेले पण मजबूत असतील तर ते पुढंच राहू देत, आणि गोटा झालेले असतील तर ते मागं पण नको आणि पुढं पण नको, आधी चारही बघून घ्या. इथून पुढं दर दहा हजार किलोमीटरला पुढचे मागं, मागचे पुढं करत गेलात तर चारही बरोबरच संपतात आणि हा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : मी नुकतीच गाडी शिकले. हायवेला टायर फुटला तर करायचं काय, ह्याची लै भीती बसलीय. (विद्यार्थिनी, विजापूर रोड)

उत्तर : बाळा, भीती बरोबर आहे, पण करायचं थोडंच आहे. आवाज झाला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, तो तेवढा जाऊ द्यायचा नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरायचं, गाडी ज्या बाजूला ओढती तिच्या उलट फक्त सरळ राहण्यापुरतंच जोर लावायचा, झटका द्यायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढायचा, गाडी स्वतःच मंद होती, मग इंडिकेटर देऊन डावीकडं. मोकळ्या मैदानात भावाला शेजारी बसवून, ब्रेक न लावता गाडी नुसती मंद होऊ देण्याची सवय कर, पाच-सहा वेळा केलं की पाय ऐकायला लागतो.

प्रश्न : नव्या गाडीत स्टेपनीच नाही! एक बाटली आणि पंप दिलाय. हे कायदेशीर आहे का? (एमआयडीसी)

उत्तर : आहे. २०२० मधे केंद्रानं नियम बदलला, ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चरचं किट असंल तर कारला स्टेपनी नसली तरी चालते. पण ती बाटली म्हणजे आत सोडायचं चिकट द्रव, नक्षीतल्या खिळ्याच्या छोट्या भोकाला चालतं, सायडवॉल फाटली तर काही उपयोग नाही. वापरल्यावर टायर लवकरात लवकर दुकानात नेऊन उतरवून, आतून पुसून, नीट पॅच करून घ्यायचा आणि सेन्सर असंल तर तो पण साफ करायला सांगायचं. रात्री-अपरात्री विजापूरकडं किंवा हैदराबादकडं लांब जाणं होत असंल तर मी तरी एक स्टेपनी डिस्कसकट विकत घेऊन डिकीत टाकीन, जागा गेली तरी चालंल. ज्यांच्याकडं स्टेपनी आहे त्यांनी तिची हवा चारही टायरबरोबर बघायची, वर्षभर कोणी बघत नाही आणि गरज पडते तेव्हा ती पण बसलेली निघते, आणि बारीक स्टेपनी असंल तर तिच्यावर लिहिलेलं असतं, ८० च्या वर चालवायची नाही. त्या बाटलीला पण एक्सपायरी असते, बुडाला नाहीतर लेबलच्या कडेला छापलेली, चार-पाच वर्षांनी आतलं द्रव घट्ट होऊन नळीतून येतच नाही.